समीरचा छोटासा बदल

मंगळवार, रत्नागिरी

समीरने मला न विचारता आमच्या ॲपची नवी आवृत्ती सोडली. समुद्राच्या भरतीचं गणित करणारा मूळ कोड पुण्यात तो सांभाळतो, तो कोड ॲपच्या पायथन भाषेला जोडणारा भाग माझ्याकडे. दोन्ही एकत्र तपासल्याशिवाय काही सोडायचं नाही, हा नियम त्यानेच घातलेला. आणि आज त्यानेच मूळ कोडात मीटरचे सेंटिमीटर केले. म्हणे, "छोटासा बदल."

मिरकरवाडा बंदरावरून चुलतभाऊ दत्ताचा फोन. "दादा, तुझं ॲप दोन मीटरची भरती दोनशे मीटर दाखवतंय. अख्खी जेटी हसतेय."

छोटासा बदल. आणि समीरने सगळ्यांना काय कळवलं? पायथनच्या बाजूला चूक आहे. म्हणजे माझी?

दुरुस्ती केली. दुरुस्तीच्या नोंदीत, सगळ्यांना दिसेल अशा कारणाच्या जागी लिहिलं, समीरने नियम मोडला. आता त्याचा मेसेज, ती ओळ काढ ना.

नाही काढत. छोटीशीच तर ओळ आहे.