नाचणीचा दोष नव्हता

प्रिय निंगा,

आधी त्या गुडघ्याच्या गोळ्या बंद कर, मग पुढचं वाच. फोनवर तू काही बोलत नाहीस. शेजारी सूनबाई असते, म्हणून "सगळं बरं आहे" एवढंच म्हणतोस.

गेल्या महिन्यात मला शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होऊ लागलं. वासाने माझी मलाच शिसारी यायची. पण आपण जन्मभर नाचणीचे मुद्दे, ते उकडलेल्या पिठाचे गोळे, गिळणारे. म्हटलं, नाचणीच ती, काळंच होणार. आठ दिवस कोणाला बोललो नाही. पायरी चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, छाती धडधडायची. तुझी वहिनी सण्णम्मा म्हणाली, "तोंड चुन्यासारखं पांढरं पडलंय. काय लपवताय?" शेवटी सांगितलं, तर तिने मुद्दे बंद करून तीन दिवस नुसता भात वाढला. तरी काळंच. "आता काय तांदूळ काळा झाला?" म्हणाली आणि मला रिक्षात कोंबलं. वाटेतच उलटी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी.

मंड्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. म्हणाली, "अज्जा, हे रक्त आहे. पोटात वर कुठेतरी गळतं, म्हणून काळं होऊन बाहेर पडतं. उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खाऊन आत जखम करून घेतलीत." तोंडातून नळी घालून तिने ती जखम बंद केली, दोन बाटल्या रक्त चढवलं. वर म्हणाली, "आणखी दोन दिवस भात खात बसला असतात, तर तेराव्याचाच भात झाला असता." सण्णम्मा अजून तिचंच कौतुक करते.

निंगा, जत्रेत तुझा गुडघा धरला तेव्हा त्याच गोळ्यांची पट्टी तुला मीच दिली. "घे म्हाताऱ्या, रथाच्या पुढे पळशील," म्हणालो. आणि रविवारी फोनवर, सून आत गेली तेवढ्यात, तू कुजबुजलास, "हल्ली माझंही काळंच होतं रे." मी विचारेपर्यंत ती परत आली आणि तू उसाचं बोलू लागलास. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तिला फोनवर असलं सांगायला माझीही जीभ रेटली नाही. म्हणून हे लिहिलंय. बसचा ड्रायव्हर आजच आणून देईल. नाचणी सोडून बघत बसू नकोस, आजच दवाखान्यात जा. तुला लाज वाटते, म्हणून माझंच सगळं उघडं करून लिहिलं. तू तोंडही उघडू नकोस. फक्त हा कागद सूनबाईच्या, रत्नकलाच्या, हातात दे.

तुझाच,
जवरा