माझ्या वाट्याचा अर्धा बांध

मी, मन्मथ वैजनाथ शेटे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, राजीखुशीने लिहून ठेवतो ऐसाजे: माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकिलांच्या मते कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कुणाचा दाब नाही. पत्नी गीताबाई शेजारी बसून दुरुस्त्या सांगते आहे, त्याला दाब म्हणत नाहीत.

१. राहते घर, दोन्ही म्हशी व बँकेतील शिल्लक गीताबाईची. झाडांवर चालू नये म्हणून कुऱ्हाडही तिच्याच ताब्यात द्यावी. तिच्याकडे गेलेली वस्तू परत मागायला गावात कुणी धजत नाही.

२. शेत चिरंजीव प्रविण यास. तो संभाजीनगरला कंपनीत आहे. गेल्या उन्हाळ्यापासून म्हणतो, "आप्पा, असंच तापत राहिलं तर पन्नास वर्षांत इथं माणूस टिकायचा नाही. विकून टाका." मी विचारले, "मग घेणारा कोण हाय? माणूसच की." त्यावर त्याने फोन ठेवला.

तापले आहे हे मलाही कबूल. धसकटे वेचायला येणाऱ्या बायका आता उजाडताच कामाला लागतात आणि दुपारी बांधावरच्या एकुलत्या चिंचेखाली दाटीवाटीने बसतात. तिथला गारवा प्रविणला सांगून कळणार नाही, येऊन बसावे. माणसाची जात चिवट आहे. सावली आणि पाणी राखले तर शंभर वर्षांनीही ती इथे कांदा-भाकर खात, कुणाची तरी उणीदुणी काढत बसलेली असेल, अशी माझी खात्री आहे. सबब शेताला अट एकच: बांध मोडायचा नाही.

३. सदर बांध पूर्वेला आहे. पलीकडचे शेत नाथा शंकर साखरे याचे. नाथा माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि बांधाचा दुश्मन. पूर्वी या बांधावरून बैलगाडी जायची, आता शेळीसुद्धा पाय जपून टाकते. ट्रॅक्टर आल्यापासून तो दरसाल नांगराचा एकेक तास, म्हणजे एकेक चर, इकडे सरकवतो. मुळ्या तुटून बोरी वाळल्या, लिंब वाळले. विचारले तर म्हणतो, "मी कावून बांध कोरू बे? हवामान बदललंय, टीव्हीवर बघत न्हाईस का?" हवामानाने नेमका माझ्याच बाजूचा बांध खाल्ला, हे नवल.

४. माझ्या वाट्याचा अर्धा बांध मला शंभर वर्षांनी तिथून उन्हाचे जाणाऱ्याच्या नावे करायचा होता. वकील म्हणाले, जन्मालाच न आलेल्या अनोळखी माणसाला असे देता येत नाही. म्हणून नात संस्कृती हिच्या नावे करतो. तिने त्यावर लिंब, चिंच, बोर लावावे. सावलीला बसणाऱ्याला जात, गाव आणि पक्ष विचारू नये.

५. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मला त्या बांधातच, अगदी मधोमध, नाथाच्या शेताकडे तोंड करून बसवावे आणि वर चिंच लावावी. जिवंतपणी त्याने मला कधी जुमानले नाही. मेलेल्या मन्मथवरून नांगर घालायची मात्र त्याची छाती होणार नाही. मला त्याचा राग आहे, आणि संध्याकाळी तो चहाला आला नाही तर मला करमत नाही. दोन्ही खरे आहे.

वकिलांनी नको म्हटले तरी साक्षीदार नाथालाच केले आहे. पुढे "मला म्हाईत न्हवतं" म्हणायला जागा नको.

सर्व मजकूर गीताबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं हाय, पण लई बोलता तुमी." एक शब्दही न गाळता सही करतो.

ठिकाण: चकलांबा
दिनांक: १६ मे २०२४

(सही) मन्मथ वैजनाथ शेटे

साक्षीदार:

१. (सही) विमलबाई, अंगणवाडी सेविका, चकलांबा

२. (सही) नाथा शंकर साखरे, चकलांबा

सहीखाली नाथाच्या हातचे: "समदं वाचलं. झाडं माझ्या अर्ध्या बांधावर बी लावा. आन् मन्मथला मधोमध बसवू नका, जरा सरकून बसवा. मला बी तिथंच बसायचंय."