खालच्याच्या नावाची सव्वा मूठ

१९ जुलै, शनिवार

पहिली आली खालच्या मजल्यावरची कनीज, शिवणाची टेप गळ्यात तशीच. तिच्यामागून शेजारच्या भिकुबाई, आणि मग दारात चपलांचा ढीगच. बठ्ठ्यांना, लहानथोर सगळ्यांना, आमच्या हितूचा समुद्र पाहायचा होता. भिकुबाई म्हणाल्या, नळाला पाणी दिवसाआड आणि हा पोरगा घरात समुद्र भरून बसला. कनीज म्हणाली, अक्का, मच्छी इतनीशी आणि हौद केवढा. मी हसून हसून दमले.

मला इथं नातवाकडे येऊन आठच दिवस झाले. जन्म चोपड्याकडे केळीच्या मळ्यात गेला, शाळा चौथीपर्यंत. हितेंद्र माझा नातू, रूपाली नातसून आणि भूमिका माझी पणती, सहा वर्षांची. हौद बसवणारा नासीर म्हणाला की रोज किती पाणी घातलं ते लिहून ठेवा. भूमिकाने मला तिची वही दिली. तर ही पाण्याची वही. मी यात बाकीचंही लिहिणार, कोण तपासतंय.

नासीर गुणी पोरगा. सगळं समजावून सांगतो. वर काचेचा हौद, त्यात दगड आणि दगडाला चिकटलेली जिवंत फुलं. खाली कपाटात दुसरी पेटी, तिला सम्प म्हणतात. तिला तीन खण. वरचं पाणी नळीने पहिल्या खणात उतरतं, तिथं मळ अडतो. मधल्या खणात शेवाळ, अगदी बायकांच्या गुंतवळासारखं. तिसऱ्या खणातली मोटर पाणी परत वर चढवते. मधल्या खणाला इंग्रजी नाव आहे, रेफ्युजियम. म्हटलं, बाबा, सोपं सांग. म्हणाला, आसऱ्याची खोली. वरचे मासे ज्यांना खातील ती बारकी लेकरं इथं लपून वाढतात.

केवढी माया आहे बघा पाण्यातसुद्धा.

२३ जुलै, बुधवार. दीड तांब्या.

पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडंच पाणी घालायचं. तिसऱ्या खणावर नासीरने काळी रेघ मारलीय. रेघेपर्यंत भरायचं, वर नाही. त्याने दोनदा बजावलं, रेघेच्या वर भरलं आणि मोटर बंद पडली तर वरचं पाणी खाली येऊन पेटी ओसंडेल.

माझा एक थेंब चुकत नाही. माठ भरण्यात आयुष्य गेलं.

भूमिकाने दोन केशरी माशांची नावं बुंदी आणि जिलबी ठेवलीत. दुपारी ती शाळेत आणि हे दोघं कामावर गेले की मी कपाटाचं दार उघडून खाली बसते. मधल्या खणात जांभळा दिवा असतो. शेवाळ हळूहळू गोल फिरतं. मी बोलते, ते ऐकतं. गावाकडे मी म्हशीशी बोलायची.

२८ जुलै, सोमवार. दीड तांब्या.

रूपालीचे वडील धुळ्याला पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. तिघंही धुळ्याला गेले. मला चल म्हणाले, पण पाणी कोण घालणार. येत्या रविवारी कानबाईचा सण, तेव्हा नक्की येतो, म्हणाला हितू. मी गॅलरीतून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

घर फार मोठं झालं.

२ ऑगस्ट, शनिवार. दोन तांबे.

आज रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू मोजले. आमच्या घरात कानबाईला दरेक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. मोजला तो घरचा. त्या गव्हाचा रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला कण द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. माझ्या सासूबाई सांगायच्या, नाव घेऊन मोजलेलं परत पोत्यात टाकता येत नाही.

ओट्यावर रास मांडली. हितूची, रूपालीची, भूमिकाची, माझी. चार राशी किती एवढ्याशा दिसतात. गावाला बावीस असायच्या. मनात काय आलं कोण जाणे, कपाटाकडे बघितलं आणि पाचवी घातली. म्हटलं, ही खालच्याची. तोही याच घरात राहतो, रोज माझं ऐकतो.

कनीज चक्कीवर माझ्यासोबत आली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, वा अक्का, मी इतक्या वेळा चहा पाजला तर मला कण चालत नाही, आणि शेवाळाला आख्खा हिस्सा. मी म्हटलं, तू रुसू नको, तुला वेगळी खीर करीन. पण ती संध्याकाळी बहिणीकडे वरणगावला गेली. पंधरा दिवस तिकडेच.

३ ऑगस्ट, रविवार. दोन तांबे.

आले नाहीत. डॉक्टर रूपालीच्या वडिलांना सोडत नाहीत म्हणे. शनिवारी पौर्णिमा, त्या दिवशी सकाळी येऊन रोट खातो म्हणाला हितू. रोट भाजले, चौघांचे हिस्से फडक्याखाली झाकून ठेवले. गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी एकटीने खाल्ली, चव लागली नाही.

पाचव्या हिश्श्याचा तुकडा मधल्या खणात सोडला. शेवाळ बाजूला झालं, तुकडा खाली गेला, शेवाळ परत मिटलं. बरं वाटलं. कोणीतरी जेवलं माझ्यासोबत.

४ ऑगस्ट, सोमवार. पाणी घातलं नाही.

पाणी रेघेच्या बोटभर वर. मी तर घातलंच नव्हतं. जिलबी दिसत नाही, दगडाआड असेल.

नासीरला फोन केला. तो नाशिकला गेलाय, शनिवारी येतो म्हणाला. विचारलं, आत काही ठेवलं का, अक्का, दगडबिगड. आत काही वाढल्याशिवाय पाणी चढत नाही.

रोटाचं सांगितलं नाही. हसला असता.

५ ऑगस्ट, मंगळवार. नाही घातलं.

सकाळी ओट्यावर गव्हाच्या पाच राशी. मी काल पोत्याला हात लावला नव्हता. गहू ओले. एक दाणा जिभेवर ठेवला. खारट.

माझंच डोकं फिरलं असेल. एकटं माणूस विसरतं. पुसून टाकल्या.

बुंदीही नाही. भूमिकाला काय सांगू.

६ ऑगस्ट, बुधवार.

चारच राशी. हितू, रूपाली, भूमिका, आणि पाचवी. चौथी जागा रिकामी, माझी. पाचवी दुप्पट झालीय.

फडक्याखाली माझा हिस्सा नाही.

ओट्यावर पाणी वाळून मीठ उरलंय, पांढरं. मुठीचा ठसा आहे. लहान, भूमिकाच्या मुठीएवढा. पण बोटं जास्त.

भिकुबाईंकडे गेले, कुलूप. श्रावणाचं देवदर्शन. जिन्यात बसून राहिले. मग परत आत, जाणार कुठे.

७ ऑगस्ट, गुरुवार.

दोन राशी आणि ती मोठी. भूमिकाची गेली.

माझं गेलं तर गेलं, मी पिकलं पान. पण पोरीचं —

मीच मोजलं त्याला. मीच घरचा केला. परत पोत्यात टाकता येत नाही.

हितूला फोन केला. म्हटलं, येऊ नका, शनिवारी नको, कधीच नको, मला न्यायलाही येऊ नका, मीच तिकडे येते. तो हसायला लागला. रूपालीला म्हणाला, आजी रुसलीय बघ, कानबाईला गेलो नाही म्हणून. मी रडले तर आवाज एकदम मऊ झाला. म्हणाला, चुकलं आजी, शनिवार कशाला, उद्याच निघतो. शुक्रवारी दुपारी जेवायला तुझ्याच हातचं.

परत लावला तर उचलत नाही. सामान भरत असतील.

शेवाळ काचेला दाबून भरलंय. दिवा दिसत नाही. मध्ये काहीतरी, मूठ मिटलेलं —

८ ऑगस्ट, शुक्रवार.

एकच रास.

मोटर बंद केली. म्हटलं, पाणी फिरलं नाही तर मरेल. रेघेचं विसरले. पाणी चार बोटं वर होतं आधीच. वरचा सगळा हौद खाली आला, पेटी ओसंडली, कपाटाचं दार आपोआप — फरशीभर खारं पाणी. शेवाळ पसरलंय. मधला खण रिकामा.

बाहेर जाता येईल. पण त्यांच्याकडे किल्ली आहे. आतून वरची कडी लावली की किल्ली चालत नाही. म्हणून मी आत. कडी लावली. माझाही हात जेमतेम पुरतो तिथवर.

ओट्यावर चढून बसलेय. वही मांडीवर.

पाणी थांबलंय. थेंबांचा आवाज थांबला नाही. पॅसेजमधून दाराकडे चाललाय.

जिन्यात भूमिका. मोठी आजी, मोठी आजी, दार उघड, म्हणतेय. किल्ली फिरते. कडीने धरलंय. ओरडले, जा माघारी. हितू हसतोय, अजून रुसलीय म्हणतो —

शुक्रवारी येतो म्हणाले होते. आज शुक्रवार. मी इथं ओट्यावर आणि तिकडे कडी कोण काढतंय —