प्लास्टिक अध्यक्षांच्या हस्ते

२ डिसेंबर
शाळेच्या नव्या हॉलमध्ये रबरी मॅट बसली. वडवणीत पहिलीच. जुन्या टायरच्या भुग्याची आहे, म्हणजे पर्यावरणाचंही काम झालं. मुख्याध्यापक मोहनरावांनी मला क्रीडाशिक्षकपदासोबत सुरक्षाप्रमुखही केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, असं दिपालीचं म्हणणं. बायकोला माझ्या पदांचं कौतुक कधीच नव्हतं.
संकल्प: हॉलमध्ये एकाही मुलीला खरचटणार नाही.

३ डिसेंबर
मॅटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. संस्थेचे अध्यक्ष बद्रीनाथराव उद्घाटनाला येतील, त्यांच्या हस्ते निघेल. तोवर सराव प्लास्टिकवर. बाहेर तुरीची मळणी चालू आहे, धूळ नको म्हणून खिडक्याही बंद. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक मी आजवर काढलेलं नाही. रिमोट अजून नवा आहे. बटणांवरचे आकडे दिसत नाहीत, तो भाग वेगळा.

५ डिसेंबर
मुलींच्या कबड्डीचा सराव सुरू, सकाळी आठला. हॉलमध्ये थोडा वास आहे. नव्या वस्तूला येतोच.
मंगल म्हणाली, सर, डोकं लई दुखतंय, पंक्चरच्या दुकानात कोंडल्यावानी वाटतंय. स्टॅमिना कमी पडतोय, असं सांगितलं.
ही आमची सगळ्यात चपळ पोरगी. आईबाप ऊस तोडायला कर्नाटकात, ही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. तिचा बाप उत्तरेश्वर जाताना सांगून गेला, जिल्ह्याच्या संघात घेतली तर शिकू देतो, न्हाई तर पुढल्या हंगामाला आमच्यासंगं फडात. पोरगी तेरा वर्षांची आहे. हे आठवलं की मला घास जात नाही. म्हणून तर मॅटवर सराव. जिल्ह्याची निवड चाचणी मॅटवरच होणार, माझी खात्री आहे.

९ डिसेंबर
डोकं दुखलं. कारण चहा. उद्यापासून चहा बंद.

१० डिसेंबर
डोकं दुखलं. चहा न घेतल्यामुळे. घेतला.

१४ डिसेंबर
प्लास्टिकवरून तिघी घसरल्या. कोणालाही खरचटलं नाही, फक्त सुजलं. संकल्प शाबूत.
मंगलनं विचारलं, प्लास्टिक कावून काढत न्हाईत? प्रोटोकॉल समजावून सांगितला. मग आमी मागच्या रानात खेळू का, म्हणाली. नाही म्हटलं. माती अशास्त्रीय असते, शिवाय त्या पायांनी हॉल खराब होतो. शिवाय जी पोरगी प्लास्टिकवर उभी राहील, ती कुठंही उभी राहील.

१९ डिसेंबर
अध्यक्षांना धारूरला लग्न निघालं. उद्घाटन पुढे गेलं.
मला खोकला. मळणीची धूळ. बंद खिडक्यांतून धूळ येते कुठून, असं दिपालीनं विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीत शंका.

२३ डिसेंबर
एक गंभीर बाब. मुली सरावाला येतात तेव्हा कोपरापर्यंत माती असते. मंगलच्या तर केसांतसुद्धा. वसतिगृहात आंघोळीची नक्की काहीतरी अडचण आहे. तिथल्या स्वयंपाकीण साखराबाईंना विचारलं. मला काय बी ठावं न्हाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. मुलींना स्वच्छतेवर व्याख्यान दिलं.

२ जानेवारी
मोहनराव हॉल पाहायला आले. दारातूनच छान म्हणून गेले. नाकाला रुमाल होता, सर्दी असावी. सध्या बऱ्याच जणांना आहे.
दिपाली माझे कपडे अंगणातल्या तारेवरच काढून ठेवायला लावते. मी आत लुंगीवर येतो. शेजारच्या छबुबाई बघतात.

१० जानेवारी
उद्घाटन. नारळ मॅटवरच फोडायचा, असा अध्यक्षांचा आग्रह. आपटला. नारळ उडाला. माणसं हसली, म्हणून त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून पुन्हा आपटला, तो उसळून थेट माझ्या नडगीवर. मी लंगडत माइकपर्यंत गेलो आणि सांगितलं, मॅट किती सुरक्षित आहे ते आपण पाहिलंच.
मग त्यांच्या हस्ते प्लास्टिक निघालं. इतके दिवस खाली दबलेला वास एकदम वर आला. अध्यक्षांचे डोळे भरून आले. गहिवरले, असं मी माइकवर जाहीर केलं. ते दोन वाक्यं बोलून बाहेर पळाले. नारळ पायरीच्या दगडावर फुटला. उरलेलं भाषण कडुलिंबाखाली झालं.

१२ जानेवारी
अध्यक्षांचा फोन. मॅटची तपासणी होईपर्यंत हॉलला कुलूप.
दुपारी बीडहून कळलं, चाचणी मातीच्या मैदानावर आहे. मी खुर्चीतच बसून राहिलो. महिनाभर पोरींना मातीला पाय लावू दिला नाही. उत्तरेश्वरला काय सांगू?

१७ जानेवारी
बीड. चाचणी. मंगल मातीवर अशी खेळली की समोरच्या पोरींना ती दिसेनाच. निवड झाली. मी सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही.
परतताना एसटीत विचार केला. प्लास्टिकवर तोल सांभाळायची पद्धत माझीच. यावर जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांसमोर बोललं पाहिजे. भाषणाचे मुद्दे तिकिटामागे लिहिले.

१९ जानेवारी
मंगलनं माझ्या फोनवरून बापाला फोन लावला. स्पीकर चालू होता. अप्पा, निवडलं मला. आमी रोज सकाळी मागच्या रानात खेळत होतो, साखराबाई लक्ष ठेवायच्या. सरांना सांगितलं न्हाई. त्यायला दम्याचा आजार हाय, दिवसभर हॉलमधी खोकत बसतेत बिचारे. त्यायचं मन मोडू नये म्हणून आठला तिकडं बी जात होतो.
पलीकडे उत्तरेश्वरनं आधी फडातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग म्हणाला, पोरगी शिकू दे आता. आणि सर, तुमी तब्येतीला जपा.
मी हो म्हणालो.
तिकीट फाडून टाकलं. उद्यापासून सकाळी मीही मागच्या रानात जाणार. मुलींनी परवानगी दिली आहे. येताना खुर्ची आणा म्हणाल्या.