राजाचं इंजिन

पावस,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय लवू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचं दातेरी चाक पोचून महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. सांगण्यासारखं काही हाती आल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आणि हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, गोदाकडून लिहवून घेतलेलं नाही. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असेल, पण तुझ्या आईचं आहे, तेव्हा वाचून घे.

गणपती गेले आणि पाठोपाठ आपली भातगिरणी बंद पडली, हे तुला कळवलंच होतं. इंजिनातल्या चाकाचे दात झडले होते. तू लगेच धावपळ केलीस आणि थिबा राजाची मोटार म्हणजे विलायतीच असणार, असं धरून विलायती मोटारीचं चाक पाठवलंस. हे बसलं नाही तर इंजिन भंगारात द्या, गिरणीला कुलूप लावा आणि सासूसुना दोघी मुंबईला या, असंही लिहिलंस. ते चाक बसलं नाही, बाळा. बसायचं राहू दे, मधलं भोकसुद्धा जुळेना. शेतात हळवं भात पिवळं पडायला लागलेलं, रोज कोणी ना कोणी दारात येऊन गिरणी कधी सुरू होणार म्हणून विचारायचं, आणि मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसायची. तुझे अण्णा गेल्यापासून त्यांच्या हातचं एवढंच काय ते या घरात चालतं राहिलं होतं. तेही गेलं, असंच मी धरून चालले होते.

रत्नागिरीकडची माणसं कशी आहेत ते तुला ठाऊक आहे. कोणाच्या घरी जुनी खुर्ची असली की ती थिबा राजाच्या वाड्यातली, आरसा असला की तो राणीचा. आपल्याकडे त्याच्या मोटारीचं इंजिन होतं. त्यापायी शाळेत तू भांडण करून कपाळाला खोक पाडून घेतली होतीस, आणि मी तुला ओरडायचं सोडून हळद भरताना मनातून खूश झाले होते.

गोदाला मात्र राजाचं काही कौतुक नाही. चिपळूणला मामाच्या मोटारींच्या आवारात वाढलेली पोर ती. पदर खोचून इंजिनासमोर बसली आणि हट्टी म्हशीला दटावावं तसं त्याला दटावत राहिली. मग हमीदभाईंकडे गेली. बोटीवर इंजिनात काम केलेला माणूस, त्यांनी आपले पाने दिले. विलायती पाना नटावर ढिला फिरायचा, अमेरिकन पाना मात्र चपखल बसला. गोदा हात पुसत आली आणि म्हणाली, आई, ह्या इंजिनाचं माहेर विलायतेत नाही, अमेरिकेत आहे. तुझे अण्णा सगळी कामं स्क्रूपान्याने करायचे, आणि तो कुठल्याही नटावर बसतो. त्यामुळे इतकी वर्षं हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला मात्र रागच आला. काल आलेली ही, माझ्या राजाला खोटं पाडते!

पण चाक मागवायचं तर कारखान्याचं नाव हवं, आणि नाव असलंच तर रंगाखाली असणार. तुला आठवतं ना, दर दसऱ्याला पूजेआधी अण्णा इंजिनाला हिरवा रंग द्यायचे. घराचा चुना एखाद्या वर्षी राहायचा, पण इंजिनाचा रंग कधी राहिला नाही. माथ्यावर काही उंचवटे होते, तिथे तर ते दोनदोनदा ब्रश फिरवायचे आणि वर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे. तो रंग खरवडू का, असं गोदाने मला विचारलं. विचारल्याशिवाय तिने नखसुद्धा लावलं नाही. मला लगेच हो म्हणवेना. शेवटचा थर त्यांच्या हातचा होता. दुसऱ्या दिवशी मीच रॉकेलचा बोळा आणि जुना सुरा घेऊन बसले. सालीमागून साल निघाली आणि खालून इंग्रजी अक्षरं वर आली. गोदाने बोट फिरवत वाचलं. फोर्ड.

पाने परत न्यायला हमीदभाई आले होते. ती अक्षरं बघून ते दाराशीच थांबले आणि म्हणाले, "वयनी, मला सगला ठावा व्हता. पन अण्णांनी शपथ घातलेली." पालीच्या रस्त्याला एक जुनी लॉरी उलटून पडली होती. तिचंच इंजिन दोघांनी मिळून बैलगाडीतून आणलं होतं. दारात मी नाक मुरडून विचारलं, कोणाचं हे धूड? अण्णा थट्टेने म्हणाले, राजाचं. आणि मी संध्याकाळच्या आत विहिरीवर सगळ्या बायकांना सांगून मोकळी झाले. खरं काय ते सांगायला ते निघाले होते म्हणे, पण माझा चेहरा बघून गप्प बसले. हमीदभाईंना म्हणाले, तिचा शब्द खाली पडता कामा नये. म्हणून दर दसऱ्याला रंग, लवू. मला वाटायचं, इंजिनावर काय जीव आहे ह्या माणसाचा! मी तिथेच जमिनीवर बसले आणि खूप रडले. असा नवरा मला मिळाला होता आणि मला ते आज कळत होतं.

गोदा दुसऱ्या सकाळी सर्व्हिस मोटारीने चिपळूणला गेली आणि मामाच्या आवारातल्या मोडक्या फोर्डचं चाक काढून घेऊन आली. तिने आणि हमीदभाईंनी ते बसवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिन असं धडधडलं की समोरच्या सगुणाकाकू हातातली चूल फुंकायची नळी घेऊनच धावत आल्या. त्या संध्याकाळी गोदा हिरव्या रंगाचा डबा घेऊन माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, आई, नाव झाकून टाकते, कोणाला कळायचं नाही. अण्णांची आणि तिची कधी निवांत गाठसुद्धा पडली नाही, आणि बघ, दोघांच्या मनात तेच आलं! मी म्हटलं, सगळीकडे रंग दे, अक्षरं तेवढी उघडी ठेव. दसऱ्याला पूजेला आलेल्यांना मी स्वतः सगळं सांगितलं. लोक हसले, मीही हसले. नवं भात घेऊन ते अजून राजाच्याच गिरणीत येतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू पाठवलेल्या भंगारवाल्याला मी चहा पाजून परत पाठवलं आहे. आम्ही मुंबईला येत नाही. आणि तुझं ते पत्र मला गोदानेच वाचून दाखवलं होतं. माझा चष्मा तेव्हा फुटलेला होता. 'अण्णांची गोष्ट वेगळी होती, बायकांच्या हाती इंजिन टिकत नाही,' हे वाक्य तिला गाळता आलं असतं, मला कळलंही नसतं. तिने गाळलं नाही. आवाज जराही न बदलता वाचलं, पत्राची घडी घातली आणि पदर खोचून इंजिनासमोर जाऊन बसली. तुझ्या अण्णांनी माझा शब्द राखायला जन्मभर रंग लावला. तुला एवढे कष्ट नकोत. तू फक्त एक पत्र लिही. पाकिटावर माझं नाव घालू नकोस, तिचं घाल. ते वाचून दाखव, असं मी तिला सांगणार नाही.

तुझीच,
आई