वसिष्ठाच्या शेजारी

४ मे २०१९, शनिवार

दिसली नाही!

अमावास्येचं आभाळ, पेणच्या शाळेची गच्ची, दिवे सगळे घालवलेले — आणि मला अरुंधती दिसली नाही.

दहावीत जाणाऱ्या पोरांचा सुट्टीतला वर्ग. फिजिक्सचे मोकल सर पुस्तकातलं शिकवतात, आभाळ माझ्याकडे. मांडव-लाऊडस्पीकरवाला महिपती, शिक्षण सातवी, पण दुर्बीण स्वतःच्या कमाईची! पोरं काका म्हणतात. आधी जुलैत सुटणाऱ्या चांद्रयानाच्या गप्पा रंगल्या, मग सप्तर्षी. पतंग, त्याची शेपटी, शेपटीत तीन तारे, मधला वसिष्ठ, त्याला खेटून बारीकशी अरुंधती. टोकाचा तारा आज धुरकटात बुडालेला, दोनच दिसत होते. वसिष्ठावर हिरवा लेझर धरला आणि दरवर्षीचा विनोद केला — ‘जुनी माणसं म्हणतात, अरुंधती दिसत नाही त्याचं सहा महिन्यांत तिकीट फाटतं! बोला, दिसली का?’

‘दिसलीऽऽ!’ सगळी एकदम. मोकल सरसुद्धा.

हसतहसत मीही वर बघितलं. वसिष्ठ एकटाच.

‘छान,’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणखी एक. ओळीने दहा भोंगे लावले आणि त्यातला एक मुका असला, तर मला खालून कळतं. आज एक आवाज उशिरा आला. पोकळ. कासू गावची मैना. पुढच्या बाकावरची, प्रश्नांनी भंडावणारी. तिलाही दिसली नव्हती. मोकल सरांच्या गाडीत बसेपर्यंत ती वरच बघत होती. सर रोह्याला जाताना तिकडच्या पोरांना सोडतात.

५ मे

घरच्या गच्चीवर दुर्बीण लावली. दुर्बिणीतही नाही! वसिष्ठ लखलखीत, शेजारी काळोख.

डोळा अधू असेल तर दुर्बीण दाखवते. दुर्बीणसुद्धा दाखवत नाही, म्हणजे डोळ्याच्या पलीकडचं काहीतरी.

बायकोला, हौसाला, सांगितलं, हवा खराब आहे. ती म्हणाली, ‘हवा खराब, मग घाम तुमाला का फुटलाय?’

७ मे

जेवण गेलं नाही. हौसाने आमरस केला होता, तोसुद्धा.

आमचे बाबा धरमतरला मिठागरात कामाला. एकदा बांधावर उभे राहून म्हणाले, ‘आज अरुंधती दिसली नाय रं.’ दिवाळीच्या आत गेले. कावीळ झाली होती. मला ठाऊक आहे कावीळ होती! तीस वर्षं लोकांना सांगतोय की ताऱ्याला आपलं नाव-गाव माहीत नसतं. पण ठाऊक असणं एका खोलीत बसतं आणि भीती दुसरीत. मधलं दार आतून बंद.

मैना आज वर्गाला आली नाही.

९ मे

आजही नाही. मोकल सर म्हणाले, ‘पोरीच त्या, सुट्टीत मामाकडे जातात.’ मी मान डोलावली. मामाकडे जाणाऱ्या पोरीचा आवाज तसा नसतो.

१० मे

कासूला गेलो. ओटीवर तिची आजी, ठमाबाई, वाल निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं.

‘या! तुमीच ना ते तिकीट फाडनारे?’

मी खाली बसलो.

‘पोर जेवत नाय. माझी पेटी उघडून आजाचा फोटू काढून बघत बसते. शानी मानसं तुमी, पोरांस्नी असं सांगतात व्हय?’

मैना दाराआड उभी. बाहेर आली तेव्हा तिने हळूच विचारलं, ‘काका, सहा महिने म्हणजे दिवाळी. यान चंद्रावर सप्टेंबरात उतरणार ना? तेवढं बघून होईल ना मला?’

हसत म्हणालो, ‘अगो, चष्मा लागला असेल, दुसरं काय! उद्या पेणला ये आजीला घेऊन. डोळे तपासू.’ ती पहिल्यांदा हसली. मला दिसत नाही ते काही बोललो नाही. धीर झाला नाही.

११ मे, शनिवार

असं व्हायला नको होतं.

डॉक्टरांनी सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा तिच्याकडून वाचून घेतली. ‘मुलीचे डोळे एक नंबर! चष्म्याची गरज नाही.’

मी टाळी द्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही. पांढरी पडली होती. ‘डोळे चांगले हायत,’ ती म्हणाली, ‘मग तारा का नाय दिसला?’

चष्म्याची आशा होती, ती मीच दाखवली आणि मीच हिसकावली.

डॉक्टर म्हणाले, ‘महिपतीशेट, आलाच आहात तर तुम्हीपण बसा खुर्चीत.’ मांडवाचं काम आहे म्हणून निघालो. पायरीवर ठेचकाळलो. हल्ली ठेचकाळतो.

उद्या तिला खरं सांगणार. एकटीने घाबरण्यापेक्षा दोघांनी घाबरलेलं बरं.

१२ मे

संध्याकाळी कासूचं अंगण. सांगून टाकलं — ‘मैना, मलापण दिसत नाय गो.’

ठमाबाई म्हणाली, ‘मग आधी तुमी जानार. वयाचा मान हाय.’

पोर फिसकन हसली. मी लेझर काढून वसिष्ठावर धरला, म्हटलं चल, दोघं मिळून शोधू.

‘काका, हा टोकाचा तारा हाय.’

‘टोकाचा बुडालाय धुरकटात.’

‘नाय बुडाला. तुमी त्याच्यावरच धरलाय. त्या रात्री गच्चीवरपण ह्याच्यावरच धरला होता.’ माझं मनगट धरून तिने लेझर थोडा मागे सरकवला आणि किंचाळली, ‘आजे! दिसली! बारीक हाय, पण हाय!’

आजीला मिठी. घरात पळाली, ताट वाढून घ्यायला.

मी तिथेच उभा राहून शेपटीतले तारे परत मोजले. तिने लेझर धरला होता तिथे, खऱ्या वसिष्ठाच्या जागी, मला काळोखच होता.

दोनच.