सनई सोडायची वेळ

जाम चौरस्ता,
पाडवा होऊन आठवडा झालाय, २००७

प्रिय नील्या,

तुझं ते पोस्टरवरचं नाव मला पत्राच्या माथ्यावर लिहवत नाही, म्हणून घरचंच लिहिलंय. पुण्या-मुंबईच्या पोरांना ‘डीजे जाम’ म्हणजे काहीतरी भारी इंग्रजी वाटत असेल. आम्हाला मात्र चौरस्त्यावरचे ट्रक आणि आलुबोंड्याची गाडी दिसते. फोन असताना ताई पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुला वाटेल. फोनवर बाप्पा तू नुसता “हव ताई, हव ताई” करतोस आणि मागे तुझी धडधड चालू असते. अर्धं बोलणं तिच्यातच जातं. शिवाय पाकिटात एक वस्तू घातलीय, ती फोनमधून येत नाही. पण ती आधी काढायची नाही. पत्र पूर्ण वाचायचं, मग वस्तू. मी मोठी बहीण आहे, एवढं ऐकायचं.

घरी सगळे मजेत आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण शेजारणीकडे गप्पा मारायला जाताना बरोबर पळतात. आपलं बिछायत केंद्र यंदा जोरात आहे. नव्या गाद्या भरल्या, पंगतीची भांडी कल्हई करून आणली, आणि मंडपाचे ते मोडके बांबू अखेर मी बाबूजींच्या नाकावर टिच्चून विकून टाकले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी भूक लागल्यावर बोलले. त्यांची तब्येतही चांगली आहे, फक्त उजवा हात थरथरतो. चहाची बशी वाजते, सही वाकडी येते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण हात पूर्वीसारखा होणार नाही म्हणाले. बाबूजींना एकाच गोष्टीचं वाईट वाटतं, आणि ती कोणती हे तुला सांगायला नको. मला तुझ्याशी त्याबद्दलच बोलायचंय. तू दिवाळीला येतोस, पाहुण्यासारखा राहतोस, दुकानाच्या ओट्यावर बसून भुईमुगाची फल्ली सोलतोस, पण आत रेकॉर्डच्या मशीनजवळ पाय ठेवत नाहीस. ते ये म्हणत नाहीत, तू येऊ का विचारत नाहीस. बाप तसा लेक. हे आता मिटायला पाहिजे नील्या, आणि मला त्याची घाई आहे. घाई कशाची, ते शेवटी सांगते.

आठवतं का रे, गाणी सगळी कॅसेटवर आली तरी बाबूजींनी लग्नातली सनई रेकॉर्डवरच ठेवली होती. कॅसेटला बटण दाबल्यावर आधी खरखर होते, मग सूर निघतो. तोवर भटजींचं सावधान थंड होऊन जातं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते जुनी लग्नपत्रिका गोल कापायचे, मधोमध भोक पाडायचे आणि रेकॉर्डखाली घालायचे. कागदावरून रेकॉर्ड घसरते, त्यामुळे खाली मशीनची चकती फिरत राहायची, वर रेकॉर्ड त्यांनी एका बोटाने थोपवून धरलेली, सुई बरोबर सनईच्या पहिल्या सुरावर. शेवटचं सावधान झालं की बोट उचलायचं. त्यालाच आपल्याकडे सनई सोडणं म्हणायचे. तू लहानपणापासून त्यांच्या खुर्चीला चिकटून ते पाहायचास. मग चौरस्त्यावरच्या कॅसेटवाल्याकडून तुला ती बिनकव्हरची कॅसेट मिळाली, कोणीतरी परदेशी माणूस ढोलाच्या ठेक्यावर भराभर बोलतोय. बाबूजींनी दारातून ऐकलं आणि विचारलं, “हा कोनाशी भांडून राह्यला?” तू हसून लोटपोट. त्या माणसाच्या मागे जी खरडखरड वाजते ती रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून काढतात, हे तुझं तू ओळखलंस, कारण ते बोट तू घरीच पाहिलं होतंस. त्यानंतर गोदामात गाद्यांच्या ढिगात बसून तू दोन भंगार मशिनींवर दिवसभर काय काय कुटाणे करायचास! आई म्हणायची, पोट्टा दळण दळून राह्यला.

आणि मग मांडगावचं लग्न. अकरा वर्षं झाली, तरी त्या गावचा माणूस दुकानात आला की मला आधी हसू येतं, मग तुझा चेहरा आठवतो. चंद्रभानभाऊंच्या दिपालीचं लग्न, भर दुपार, मंडप गच्च. बाबूजींनी त्या दिवशी पहिल्यांदा सनई तुझ्या हाती दिली होती. स्वतः पंगतीकडे बघायला गेले, एवढा विश्वास! माईक असला तरी बायकांच्या गलक्यात कितवं मंगलाष्टक चाललंय हे मागच्यांना कुठं कळतं? सगळे सनईच्या भरवशावर. तू रेकॉर्ड धरून बसला होतास, पण हात कुठले गप्प बसतात तुझे! भटजींच्या चालीवर रेकॉर्ड हळूहळू पुढेमागे करत होतास. मी बाजूला अक्षता वाटत होते, मला दिसत होतं तुझी मान कशी डुलतेय ते. आणि सुटलं की बोट. चारही भोंग्यांतून सनई! लोकांनी होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता उधळल्या, फाटकाशी बँडवाले सुरू झाले, मामांनी अंतरपाट सोडला, नवरदेव आधीच उतावळा, त्याने हार घालूनही टाकला. भटजी मात्र हात वर करून तसेच उभे. “अजून दोन बाकी आहेत होऽ” म्हणून ओरडताहेत, आणि बँडपुढे त्यांचं ऐकतो कोण? मग हार उतरवला, पुन्हा अंतरपाट धरला. अक्षता संपल्या म्हणून दिपालीच्या आईने, मनकर्णाबाईंनी, भाताचा तांदूळ काढून दिला, त्याला हळद लावायलाही वेळ नव्हता. आज लिहिताना मी हसतेय. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. दिपालीच्या काकांनी मुहूर्त बाटला म्हणून आकाशपाताळ एक केलं, आणि आपले बाबूजी, ज्यांनी कधी कोणासमोर मान खाली घातली नाही, ते त्या भरल्या मंडपात टोपी काढून मनकर्णाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

त्यांनी तुला मारलं नाही, शिवी दिली नाही. ट्रकमध्ये सामान भरताना एवढंच म्हणाले, “आजपासून मशिनले हात नाई लावायचा.” एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं तू मला नंतर नागपूरहून लिहिलं होतंस. बारावी झाली आणि तू गेलासच. सीताबर्डीवर कॅसेट भरून देणाऱ्याकडे काम, मग कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजवणं, मग पुण्याचं ते हॉटेल, जिथे लोक जेवायचं सोडून नाचतात. पुढे काँप्युटर घेतलास आणि दुसऱ्यांचं वाजवता वाजवता स्वतःचं बनवायला लागलास. पुण्याच्या त्या चार पोरांना मराठीत बोलगाणी करायला तूच ठेके दिलेस ना? त्यातलं एक आपल्या ट्रकच्या ड्रायव्हरला, प्रेमदासला, तोंडपाठ आहे. घाटात गाडी चढवताना म्हणतो, जीव मुठीत धरून बसावं लागतं. तुझ्या नव्या संगीताला हाऊस म्हणतात, असं मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “घर म्हन्ते अन् घरी तं येत नाई.” तुझी प्रत्येक बातमी मी बाबूजींच्या जेवणाच्या वेळी मोठ्याने आईला सांगायची, हा आमचा रिवाज. ते ताटातून मान वर करत नसत, पण मी मध्येच थांबले की भाकरी मोडायचीही थांबायची. गोव्याला गेलास तेव्हा थांबली, जर्मनीला गेलास तेव्हा तर वरण गार झालं. तिथे लोक उभ्याने जेवतात का, एवढंच त्यांनी विचारलं.

आता तुझ्या रेकॉर्डचं सांगते. ते जर्मनीहून आलेलं चौकोनी पाकीट तू पाठवलंस, आणि त्यातून खरीखुरी रेकॉर्ड निघाली, काळीभोर, मधोमध गावाचं नाव. आम्हाला वाटलं होतं सीडी असेल. बाबूजींनी ती कडेने धरली, उजेडात फिरवली, फुंकर मारली. मशीन बंदच पडलेलं. म्हणून सिंदी मेघ्याचे ते मेकॅनिक आले, योगेंद्र, जे आपले अँप्लिफायर दुरुस्त करतात. तू पाहिलंयस त्यांना, मागच्या दिवाळीत बिनसाखरेचा चहा पीत बसले होते ते. त्यांनी पट्टा बदलला, नागपूरहून सुई मागवून बसवली. आम्ही सगळे गोल करून बसलो. रेकॉर्ड सुरू झाली आणि अगं बाई, कसला तो आवाज! धप्प... धप्प... कोणीतरी मरगळल्यासारखं रेकतंय. आई घाबरून म्हणाली, “नील्याची तब्येत बरी नाई का?” मग योगेंद्रजींनी वाकून पाहिलं. बाबूजींनी सवयीने तेहतीसच्या वेगावर लावली होती आणि ती होती पंचेचाळीसची. खटका फिरवला, आणि मग जे काय उसळलं ना बाबा, ताटवाटीही नाचायला लागली. आणि त्या ठेक्यात एकदम बाबूजींचा आवाज, “वऱ्हाडी मंडळी, जेवाले चाला!” जेवाले चाला, चाला, चाला, चाला. त्यामागे आपली सनई. अरे चोरा! गेल्या तुळशीच्या लग्नानंतर पंगतीत खिशात यंत्र घालून फिरत होतास ते यासाठी होय? आई हसता हसता रडायला लागली. मलाही आवरेना. बाबूजी म्हणाले, “एवढं काऊन बोंबलून राह्यलो मी?” आणि उठून बाहेर गेले.

मला वाटलं, बिनसलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी कनातीच्या मागे चादरी मोजत होते, तर आतून पुन्हा तेच सुरू झालं. डोकावले. बाबूजी एकटे, मशीनपुढे आपल्या खुर्चीवर. तुझी रेकॉर्ड बोटाने थोपवून धरत होते, ठेका यायच्या वेळी सोडायला बघत होते. बोट थरथरायचं, सुई उडायची. पुन्हा लावायचे, पुन्हा उडायची. शेवटी त्यांनी रेकॉर्ड उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पाकिटात घातली. मी पुढे गेले नाही. मला फार वाईट वाटलं नील्या, आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला लिहिता येत नाही.

योगेंद्रना मी हे सांगितलं. हल्ली ते वरचेवर येतात, कारण अँप्लिफायर वरचेवर बिघडतो. आई म्हणते, चांगला अँप्लिफायरही त्यांना पाहून बिघडतो. माणूस शांत आहे. मी चिडले की वाद घालत नाही, पेचकस शोधत बसतो. आजवर माझ्यासाठी जी स्थळं आली त्यांना एक तर बिछायत चालवणारी बाई नको होती, नाही तर मी बिछायत सोडावी असं वाटत होतं, आणि मी प्रत्येकाला चहा पाजून वाटेला लावलं. यांनी एकदा झाळकाम करता करता, मान खाली घालूनच सांगितलं की दुकान तुमचं राहील, मी फक्त झाळेचे डाग मारून देत जाईन. आता मी यांच्याबद्दल एवढं कशाला लिहून राह्यले, हे तू हुशार आहेस, ओळखलं असशील. नसशील तर भैताड आहेस. आणि हो, परवा मांडगावची दिपाली आली होती तिच्या नणंदेचा मंडप ठरवायला. दोन गुटगुटीत पोरं बरोबर. बाबूजींसमोरच म्हणाली, “काका, माह्यं लगन दोनदा लागलं म्हणून तं एवढं पक्कं हाये. नीलेशले बोलवा नं सनई सोडाले.” त्याच संध्याकाळी बाबूजींनी आईकडे कात्री मागितली.

आता पाकिटातली वस्तू काढ. ही लग्नपत्रिका आहे, आणि गोल का आहे ते तुला सांगायला नको. माझ्या लग्नाची आहे. अक्षय तृतीयेला, भर दुपारी, आपल्याच मंडपात. छापून आल्यावर पहिली पत्रिका बाबूजींनी मागून घेतली, रेकॉर्ड वर ठेवून पेन्सिलने रेघ मारली आणि स्वतः कापली. मी कापून देते म्हटलं तर खेकसले माझ्यावर. हात थरथरला म्हणून कड नागमोडी आलीय, माझं नाव शाबूत आहे, योगेंद्रचं आडनाव कात्रीत गेलं. मधलं भोक पाडताना तर त्यांनी श्वास रोखून धरला होता. मग माझ्या हातात देऊन म्हणाले, “नील्याले पाठव. माप बराबर हाये म्हनाव.” अकरा वर्षांत त्यांनी तुझ्यासाठी पाठवलेला हा पहिला निरोप आहे, आणि तो माझ्या लग्नाच्या निमित्ताने आला याचा मला लग्नापेक्षा जास्त आनंद झालाय, हे योगेंद्रला सांगू नकोस. आपल्या मशीनजवळ त्यांनी दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात. तुझे जर्मनीचे, गोव्याचे जे काय कार्यक्रम असतील ते पुढे ढकल आणि ही पत्रिका घेऊन ये. माझी सनई तूच सोडायची. आणि एक ऐक, या वेळी दोन श्लोक आधी बोट सुटलं तरी चालेल. मी पुष्कळ थांबलेय.

तुझीच, वाट पाहणारी,
हर्षाताई